कोपऱ्यातले तारे : फास्ट न्यूटोनियनसाठी कोमा करेक्टर निवडताना

खगोलछायाचित्रणाकडे वळणाऱ्या हौशी मंडळींची पहिली मोठी खरेदी आता बहुधा एफ/४ किंवा एफ/५ ची न्यूटोनियन दुर्बीण असते. कारण सरळ आहे. खर्च केलेल्या रुपयामागे सर्वांत मोठं छिद्र हीच दुर्बीण देते, आणि एफ आकडा (नाभीय अंतर भागिले आरशाचा व्यास) लहान असल्यामुळे अंधुक तेजोमेघ कमी वेळात टिपता येतो. पुणे, नाशिक किंवा नगर शहरातून शनिवारी संध्याकाळी निघून अकोले तालुक्यातल्या भंडारदरा-घाटघरकडे, नाहीतर पारनेर-कर्जतच्या माळावर जाणाऱ्याच्या हाती एकच रात्र असते. पावसाळ्याचे चार महिने वजा केले, पौर्णिमेच्या आसपासच्या रात्री वजा केल्या, तर वर्षाकाठी अशा रात्री फार उरत नाहीत. म्हणून वेळ वाचवणारी दुर्बीण हवीशी वाटते.

घरी येऊन चित्र मोठं करून पाहिलं की मधले तारे टाचणीच्या टोकासारखे दिसतात, पण कोपऱ्यांतल्या ताऱ्यांना पिसारा फुटलेला असतो. प्रत्येक पिसारा चित्राच्या मध्यापासून बाहेरच्या दिशेने पसरलेला. या दोषाचं नाव कोमा. तो घालवण्यासाठी फोकसरमध्ये, कॅमेऱ्याच्या पुढे, भिंगांचा एक छोटा संच बसवतात. तो कोमा करेक्टर. बाजारात दोन भिंगांपासून चार भिंगांपर्यंत, प्रतिमा लहान करणारे आणि मोठी करणारे, स्वस्त आणि दुर्बिणीइतकेच महाग असे अनेक करेक्टर मिळतात. यातला कुठला घ्यावा, हा या लेखाचा प्रश्न. उत्तराचा गाभा आधीच सांगून टाकतो : करेक्टर दुर्बिणीसाठी निवडायचा नसतो, दुर्बीण आणि कॅमेरा या जोडीसाठी निवडायचा असतो, आणि स्वस्त करेक्टर बिनचूक अंतरावर बसवला, तर चुकीच्या अंतरावरच्या महागड्या करेक्टरपेक्षा चांगलं काम करतो.

दोष नेमका किती?

न्यूटोनियनचा मुख्य आरसा अन्वस्ताकार असतो. अक्षावरून येणारे सगळे किरण तो एका बिंदूत आणतो. तिथे दोष शून्य. पण तारा अक्षापासून जरा बाजूला असला की आरशाच्या मधल्या भागातून आलेली प्रतिमा एका जागी आणि कडेच्या वलयांतून आलेली प्रतिमा थोडी सरकून पडते. प्रत्येक वलयाची प्रतिमा आधीच्यापेक्षा मोठी आणि अधिक सरकलेली. या सगळ्यांची बेरीज म्हणजे तेजस्वी डोकं आणि विरळ शेपूट असलेला तारा. आरसा कितीही निर्दोष घासलेला असला तरी हा कोमा राहणारच, कारण तो कारागिरीत नाही, अन्वस्ताच्या भूमितीत आहे.

त्याची लांबी काढायला सोपं सूत्र आहे. चित्राच्या मध्यापासूनचं अंतर मिलिमीटरमध्ये घ्या, त्याला ३ ने गुणा, आणि एफ आकड्याच्या वर्गाच्या १६ पटीने भागा. एफ/५ च्या दुर्बिणीत मध्यापासून १० मिलिमीटरवर ही लांबी ७५ मायक्रॉन येते. एफ/४ मध्ये ११७ मायक्रॉन. आजच्या लोकप्रिय कॅमेऱ्यांचा पिक्सेल ३.७६ मायक्रॉनचा असतो. म्हणजे एफ/५ ला २० पिक्सेल आणि एफ/४ ला ३१ पिक्सेल लांब पिसारा. ही पूर्ण शेपटीची लांबी झाली. डोळ्यांत भरणारं तेजस्वी डोकं साधारण तिच्या एक तृतीयांश असतं. तरीही तारा गोल राहत नाही हे नक्की.

या सूत्रात दोन गोष्टी दडलेल्या आहेत. एक, आरशाचा व्यास त्यात कुठेच नाही. १५० मिलिमीटरची एफ/४ दुर्बीण आणि ३०० मिलिमीटरची एफ/४ दुर्बीण, दोन्हींच्या सेन्सरवर तितक्याच मिलिमीटरवर तितकाच कोमा. लहान दुर्बीण घेतली म्हणून सुटका नाही. दोन, एफ आकडा वर्गात आहे. एफ/८ च्या दुर्बिणीत तोच पिसारा एफ/४ च्या एक चतुर्थांश. आपल्याकडच्या हौशी मंडळींनी पिढ्यान् पिढ्या हाताने घासलेले ६ इंची आरसे बहुधा एफ/८ च्या आसपासचे असत, आणि पाहणारा डोळा नेत्रिकेच्या मध्यावर असे. त्यामुळे कोमा हा विषय फारसा निघतच नसे. कॅमेरा आला, सेन्सर मोठा झाला, एफ आकडा उतरला. मग तो निघाला.

अक्षाभोवतीचा निर्दोष टापू किती लहान असतो हेही पाहण्यासारखं आहे. जिथे कोमा प्रकाशाच्या स्वाभाविक विवर्तनापेक्षा जाणवण्याजोगा मोठा होत नाही, त्या वर्तुळाचा व्यास एफ/८ ला सुमारे ११ मिलिमीटर असतो, एफ/५ ला २.७ मिलिमीटर आणि एफ/४ ला जेमतेम १.४ मिलिमीटर. पुढे कॉलिमेशनची, म्हणजे आरसे एका अक्षात जुळवण्याची, गोष्ट निघेल तेव्हा हा आकडा पुन्हा लागेल.

आधी सेन्सर मोजा

करेक्टर हवा की नको, हवा तर कुठल्या दर्जाचा, हे सेन्सरचा कर्ण ठरवतो. ११.३ मिलिमीटर बाजूच्या चौरस सेन्सरचा कर्ण १६ मिलिमीटर, म्हणजे कोपरा मध्यापासून ८ मिलिमीटरवर. तिथे एफ/५ ला ६० मायक्रॉनचा पिसारा, एफ/४ ला ९४ चा. एपीएस-सी आकाराच्या, २३.५ बाय १५.७ मिलिमीटरच्या सेन्सरचा कोपरा १४ मिलिमीटरवर येतो. तिथे एफ/५ ला १०५ आणि एफ/४ ला १६५ मायक्रॉन, म्हणजे चक्क ४४ पिक्सेल. फुल फ्रेमचा कोपरा २१.६ मिलिमीटरवर, आणि तिथला एफ/४ चा पिसारा २५० मायक्रॉनच्या पुढे जातो.

काय टिपायचं आहे तेही महत्त्वाचं. गुरू-शनीचं चित्रण मध्यावरच्या इवल्याशा तुकड्यात होतं. तिथे करेक्टर लावणं म्हणजे प्रकाशाच्या वाटेत विनाकारण काच घालणं. एखादा बंदिस्त तारकागुच्छ किंवा छोटी दीर्घिका मध्यावर बसते आणि कडा कापून टाकता येतात. पण ८०० मिलिमीटर नाभीय अंतर आणि एपीएस-सी सेन्सर मिळून आकाशाचा १.७ बाय १.१ अंशांचा तुकडा दिसतो. कृत्तिका आणि तिच्याभोवतीची निळी धूसरता तो तुकडा पूर्ण भरून टाकते. देवयानी दीर्घिकेचा पसारा तर तीन अंशांचा. ती त्यात मावतच नाही. अशा लक्ष्यांना कोपरा आणि मध्य सारखेच लागतात. आणि ज्यांना मोझॅक जोडायचं आहे, म्हणजे चार-सहा चित्रं कडेला कड लावून एक करायची आहेत, त्यांचा तर प्रत्येक सांधा नेमका कोमाच्या पट्ट्यात येतो.

वेधशाळांनी काढलेली वाट

हा प्रश्न हौशी लोकांच्या आधी मोठ्या वेधशाळांना पडला. अमेरिकेत फ्रँक रॉस यांनी १९३५ साली आरशांचा कोमा घालवणाऱ्या भिंगसंचांवर लेख प्रसिद्ध केला. माउंट विल्सनच्या दुर्बिणी त्यांच्यासमोर होत्या, आणि पुढे पालोमारच्या २०० इंची, एफ/३.३ च्या आरशासाठीही रॉस पद्धतीचेच करेक्टर वापरले गेले. दोन भिंगांची ही रचना कोमा घालवते, पण बदल्यात थोडं गोलीय विपथन पदरात टाकते : कोपरे सुधारतात, मध्य किंचित मऊ होतो. ब्रिटनमध्ये चार्ल्स विन यांनी हा हिशेब सुधारला. अन्वस्ताकार आरशासाठी तीन भिंगांचा रुंद क्षेत्राचा करेक्टर त्यांनी १९७४ साली मांडला. आज हौशी बाजारात जे करेक्टर विकले जातात, त्यांची मुळं या दोन नावांपाशी पोचतात.

भारतातही याची ठळक उदाहरणं आहेत. तमिळनाडूतल्या कवलूरची २.३४ मीटरची वेणू बाप्पू दुर्बीण १९८६ साली राष्ट्राला अर्पण झाली. तिचा मुख्य आरसा एफ/३.२५ चा, अन्वस्ताकार. त्याच्या प्रमुख नाभीवर चित्रण करण्यासाठी तीन भिंगांचा विन करेक्टर आहे. म्हणजे आपल्या गच्चीवरच्या एफ/४ न्यूटोनियनचीच अडचण आणि तिच्यावरचा तोच इलाज, फक्त आकार मोठा. उत्तराखंडात देवस्थळ इथे भारत, बेल्जियम आणि कॅनडा यांच्या सहकार्याने उभी राहिलेली ४ मीटरची द्रवआरसा दुर्बीण तर याहून बोलकी. फिरत्या थाळीतला पारा आपोआप अन्वस्ताचा आकार घेतो. नाभीय अंतर सुमारे ८ मीटर, म्हणजे एफ/२ च्या आसपास. २०२२ च्या एप्रिलमध्ये तिने पहिला प्रकाश पाहिला. तिच्या कॅमेऱ्यापुढे पाच भिंगांचा करेक्टर आहे. त्याच्याशिवाय त्या आरशाचा उपयोग मध्यावरच्या एका ठिपक्यापुरता राहिला असता.

उलट वाटही आहे. हरिश्चंद्रगडाच्या दक्षिणेला, पुणे जिल्ह्यातल्या आंबेगाव तालुक्यात गिरवली इथे आयुका या खगोलशास्त्र संस्थेची २ मीटरची दुर्बीण २००६ पासून आहे. ती न्यूटोनियन नाही. तिचे दोन्ही आरसे अपास्ताकार, रिची-क्रेतियां पद्धतीचे. या जोडीत कोमा मुळातच नाहीसा होतो. पण त्यासाठी दोन कठीण आकार घासावे लागतात आणि शेवटचा एफ आकडा १० वर जातो. वेगवान दुर्बीण हवी आणि आरसाही साधा हवा, तर भिंगांना पर्याय नाही.

बाजारातली चार कुळं

पहिलं कुळ दोन भिंगांचं, रॉसच्या परंपरेतलं. तैवानच्या जीएसओ कंपनीचा करेक्टर वेगवेगळ्या नावांनी विकला जातो तो यातला. किमतीने सर्वांत खालचा. प्रतिमा सुमारे १.१ पट मोठी होते, आणि त्याला सेन्सरपासून सुमारे ७५ मिलिमीटरचं अंतर लागतं. बहुतेक करेक्टरांना लागणाऱ्या ५५ पेक्षा बरंच जास्त. जुळवणीच्या कड्या स्वतः मोजून घालाव्या लागतात. एफ/५ आणि १६ मिलिमीटर कर्णाचा सेन्सर असेल तर तो पैसे वसूल करून देतो. एफ/४ ला, एपीएस-सीच्या कोपऱ्यात, त्याची दमछाक होते.

दुसरं कुळ प्रतिमेचा आकार न बदलणाऱ्या करेक्टरांचं. जर्मनीच्या बाडर कंपनीचा एमपीसीसी मार्क ३ हे त्यातलं सर्वांत परिचित नाव. स्कायवॉचरचा एफ/४ साठीचा चार भिंगांचा अॅप्लॅनॅटिक करेक्टरही याच वर्गातला. दोघांनाही ५५ मिलिमीटरचं अंतर लागतं, त्यामुळे डीएसएलआर साध्या टी-रिंगवर, म्हणजे कॅमेरा जोडणाऱ्या कड्यावर, बसतो. एफ/४ आणि एपीएस-सी या आज सर्वाधिक दिसणाऱ्या जोडीसाठी चार भिंगांचा करेक्टर ही माझ्या मते खालची मर्यादा मानावी, चैन नव्हे. कोपरा सुधारताना मध्य बिघडू न देणं हेच जास्तीच्या दोन भिंगांचं काम.

तिसरं कुळ प्रतिमा मोठी करणाऱ्यांचं. टेलिव्ह्यूचा पॅराकॉर त्यातला अग्रणी, आणि डोळ्यांनी पाहणाऱ्या मोठ्या डॉब्सोनियनवाल्यांचा तो जुना लाडका. तो प्रतिमा १.१५ पट करतो. एफ/४ ची दुर्बीण मग एफ/४.६ होते आणि तेवढाच प्रकाश साठवायला एक तृतीयांश जास्त वेळ लागतो. दुरुस्ती उत्तम, पण ज्या वेगासाठी एफ/४ घेतली तो वेग थोडा परत द्यावा लागतो. लहान दीर्घिकांमागे लागणाऱ्याला मात्र वाढलेलं नाभीय अंतर सोयीचंच.

चौथं कुळ प्रतिमा लहान करणाऱ्यांचं, म्हणजे करेक्टर आणि रिड्यूसर एकातच. स्कायवॉचरचा ०.९ पटीचा करेक्टर एफ/५ च्या दुर्बिणीला एफ/४.५ करतो, लागणारा वेळ जवळजवळ एक पंचमांशाने घटतो. त्याच कंपनीची १५० मिलिमीटरची क्वाट्रो ०.८६ पटीच्या करेक्टरसह येते : ६०० मिलिमीटरचे ५१८ होतात, एफ/४ चे एफ/३.४५. स्टारिझोनाचा नेक्सस ०.७५ पटीचा, एफ/४ ला तो एफ/३ वर आणतो आणि वेळ जवळजवळ निम्म्यावर येतो. एका रात्रीच्या प्रवाशाला हे आकडे भुरळ घालतात. पण वेग वाढला की फोकस, कॉलिमेशन आणि सेन्सरचा कल या तिन्हींतली सूट संपते. शिवाय कॅमेऱ्याच्या दिशेने शंकू अधिक रुंद झाल्यामुळे दुय्यम आरसा लहान असेल तर कोपरे काळवंडतात.

या चौघांच्या पलीकडे ३ इंची विन करेक्टर आहेत. फुल फ्रेम सेन्सर किंवा एफ/३ च्या आसपासचा आरसा असेल तर तिथेच जावं लागतं. पण त्यांना ३ इंची फोकसर, मोठा दुय्यम आरसा आणि न वाकणारी नळी लागते. फक्त करेक्टर विकत घेऊन हे भागत नाही. ती जवळजवळ नवी दुर्बीण होते.

पंचावन्न मिलिमीटरांचं राजकारण

करेक्टरच्या शेवटच्या ठरावीक कडेपासून सेन्सरपर्यंतच्या अंतराला बॅकफोकस म्हणतात. रचनाकाराने भिंगं या एकाच अंतरासाठी बेतलेली असतात. ५५ हा आकडा आला तो जुन्या टी-माउंटच्या प्रथेतून. कॅननच्या ईएफ कॅमेऱ्यात बाहेरच्या कड्यापासून सेन्सर ४४ मिलिमीटर आत असतो आणि टी-रिंग ११ मिलिमीटर जाड. निकॉनच्या एफ माउंटमध्ये ४६.५ अधिक ८.५. दोन्हींची बेरीज ५५. मिररलेस आणि खास खगोलकॅमेऱ्यांत सेन्सर खूप पुढे असतो. थंड केलेल्या अनेक कॅमेऱ्यांत तो १७.५ मिलिमीटरवर असतो, म्हणून उरलेले ३७.५ मिलिमीटर कड्यांनी भरून काढावे लागतात.

फिल्टरची काच या हिशेबात आपला वाटा घालते. काचेतून जाताना प्रकाशाचा शंकू लांबतो. फिल्टरच्या जाडीचा साधारण एक तृतीयांश अंतरात मिळवावा लागतो. २ मिलिमीटरच्या फिल्टरला पाऊण मिलिमीटरच्या आतबाहेर. एफ/५ ला एखाद्या मिलिमीटरची चूक खपून जाते; एफ/४ च्या चार भिंगी करेक्टरला अर्ध्या मिलिमीटरचीही दिसते. म्हणून करेक्टरबरोबर ०.३, ०.५ आणि १ मिलिमीटरच्या पातळ चकत्या घेऊन ठेवाव्यात, आणि व्हर्नियर कॅलिपर कायम किटमध्ये असावा. तारे दाट असलेला भाग निवडून अर्ध्या-अर्ध्या मिलिमीटरच्या फरकाने चित्रं घ्यावीत आणि चारही कोपरे शेजारी मांडून तुलना करावी. छापील आकड्यापेक्षा हीच कसोटी अखेरची.

दुर्बीण मुळात डोळ्यांनी पाहण्यासाठी बनवलेली असेल तर आणखी एक अडसर येतो : फोकसर पूर्ण आत घातला तरी कॅमेऱ्याला फोकस मिळत नाही. मुख्य आरसा नळीत वर सरकवता येतो, पण मग दुय्यम आरशाच्या जागी शंकू रुंद होतो आणि तोही मोठा घ्यावा लागतो. खरेदीपूर्वी फोकसरची आतली जागा मोजणं म्हणूनच शहाणपणाचं. करेक्टरची नळी किंवा फोकसरची दांडी मुख्य नळीच्या आत डोकावत असेल तर तेजस्वी ताऱ्यांच्या कडेला खाच पडते. तीही आधीच पाहून घ्यावी.

करेक्टरच्या माथी मारले जाणारे दोष

नवा करेक्टर लावूनही कोपरे सुधारत नाहीत अशी तक्रार नेहमी होते. बहुतेकदा दोष भलतीकडे असतो, आणि तो ओळखण्याची रीत अवघड नाही. चारही कोपरे सारखेच बिघडले असतील तर अंतर चुकलं आहे. एक बाजू चांगली आणि समोरची वाईट असेल तर सेन्सर कललेला आहे किंवा कॉलिमेशन बिघडलं आहे. सगळ्या चित्रात, मध्यावरसुद्धा, तारे एकाच दिशेला लांबट असतील तर माउंटचा माग चुकतो आहे. मध्यावरचे तारेच पिसाऱ्याचे असतील तर करेक्टरला हात लावू नका, आरसे जुळवा.

कॉलिमेशनचा हिशेब मघाच्या १.४ मिलिमीटरवरून कळतो. एफ/४ च्या आरशाचा अक्ष सेन्सरच्या मध्यापासून जेमतेम पाऊण मिलिमीटर सरकला तरी मध्यावरचा निर्दोष टापू संपतो, आणि करेक्टरला चुकीच्या केंद्राभोवती दुरुस्ती करायला सांगितल्यासारखं होतं. घाटरस्त्याने गाडीत हादरत आलेली दुर्बीण प्रत्येक वेळी पुन्हा जुळवावी लागते. स्वस्त लेसर कॉलिमेटर स्वतःच वाकडा असू शकतो. त्याला फोकसरमध्ये गोल फिरवून ठिपका जागचा हलतो का हे आधी तपासा.

कलाचा हिशेबही निर्दय आहे. सेन्सरची एक कड ०.१ मिलिमीटरने पुढे-मागे झाली तर एफ/४ ला तिथे २५ मायक्रॉनचा डाग पडतो, म्हणजे जवळजवळ ७ पिक्सेल. दोन स्क्रूंनी आवळलेला २ इंची जोड जड कॅमेऱ्याखाली एवढा सहज झुकतो. करेक्टर आणि कॅमेरा आट्यांनी एकमेकांत घट्ट बसवणं, शक्य असेल तिथे फोकसरलाही आट्यांनीच जोडणं, हा खर्च करेक्टरच्या पुढच्या दर्जावर केलेल्या खर्चापेक्षा जास्त फळतो.

नगरच्या रात्री

आता आपल्या नगर जिल्ह्यापुरतं. १९ अंश अक्षांशावरून नरतुरंगातला ओमेगा सेंटॉरी हा भव्य तारकागुच्छ क्षितिजापासून जेमतेम २३ अंश वर येतो. तिथे हवेचा थर जाड, तारे आधीच फुगलेले. करेक्टरमधला बारीक फरक अशा चित्रात दिसत नाही. उलट हिवाळ्यात डोक्यावरून जाणाऱ्या कृत्तिका आणि मृगाच्या तेजोमेघाच्या चित्रात तो लगेच दिसतो. करेक्टरची परीक्षा घ्यायची तर डोक्यावरच्या ताऱ्यांवर घ्या.

दख्खनच्या पठारावर थंडीत संध्याकाळ ते मध्यरात्र पारा चांगला पाच-सहा अंश उतरतो. ८०० मिलिमीटरची पोलादी नळी दर अंशाला सुमारे १० मायक्रॉन आखडते. एफ/४ ला फोकसची सूट दोन्ही बाजूंना मिळून ३५ मायक्रॉन. म्हणजे पाच अंशांत ५० मायक्रॉन सरकून फोकस हातचा गेला. मोटार लावलेला फोकसर किंवा तासा-तासाला केलेली फेरतपासणी इथे करेक्टरइतकीच गरजेची. एफ/३ ला सूट २० मायक्रॉनवर येते, ०.७५ पटीचा रिड्यूसर घेताना हे लक्षात असू द्यावं.

पारनेर तालुक्यात सुप्याजवळच्या डोंगरांवर पवनचक्क्या उगाच उभ्या नाहीत. उघड्या माळावर न्यूटोनियनची जाड नळी वारा झेलते आणि लांबट तारे मग कोमाच्या नावावर जमा होतात. १००० मिलिमीटरच्या एफ/५ पेक्षा ८०० मिलिमीटरची एफ/४ नळी आखूड, म्हणून वाऱ्यात बरी. एफ/४ च्या बाजूने हा एक खरा मुद्दा आहे. भंडारदऱ्याच्या जलाशयाकाठी अडचण वेगळी, दवाची. शिवाय तंबूंच्या मुक्कामांचे दिवे. दुय्यम आरशाला आणि करेक्टरला दव धरलं की सगळे तारे धूसर होतात, आणि ते धूसरपण कुठलंही भिंग घालवत नाही.

करेक्टर टाळता येईल का?

तीन पर्याय सुचवले जातात. पहिला, कडा कापणे. लहान लक्ष्यांसाठी तो प्रामाणिक आणि फुकट आहे. पण एपीएस-सी सेन्सरचे पैसे मोजून त्याचा निम्मा भाग टाकायचा असेल तर लहान सेन्सरच का घेऊ नये? दुसरा, सॉफ्टवेअर. रसेल क्रोमन यांचं ब्लरएक्सटर्मिनेटर २०२२ च्या डिसेंबरमध्ये आलं, आणि त्याच्या नंतरच्या आवृत्त्या कोपऱ्यातले बिघडलेले तारे आश्चर्यकारक गोल करून देतात. चार-सहा पिक्सेलांचा उरलासुरला कोमा त्याने जरूर पुसावा. पण ४० पिक्सेलांवर पसरलेल्या शेपटीतला प्रकाश आकाशाच्या पार्श्वभूमीत विरलेला असतो. अंधुक तारे तिथे नोंदलेच गेलेले नसतात, आणि तेजोमेघाचा बारकावाही त्याच पिसाऱ्याने पुसलेला असतो. ज्यांना चलताऱ्यांची तेजस्विता मोजायची आहे त्यांनी तर मोजमापाच्या चित्रांना हे लावूच नये. तिसरा पर्याय दुसऱ्याच दुर्बिणीचा : प्रतिमेचं क्षेत्र सपाट करणारा फ्लॅटनर लावलेली वक्रीकारक दुर्बीण, किंवा ताकाहाशी एप्सिलॉनसारखी अपास्ताकार आरशाची एफ/३.३ दुर्बीण, जिचा करेक्टर आरशाबरोबरच बेतलेला असतो. पहिलीत तेवढ्याच पैशात छिद्र लहान मिळतं. दुसरी बहुतेकांच्या ऐपतीबाहेर.

निवाडा

एफ/६ किंवा त्याहून संथ दुर्बीण आणि लहान सेन्सर असेल तर आधी करेक्टरशिवायच वर्षभर चित्रण करा. एफ/५ आणि १६ मिलिमीटरपर्यंतचा कर्ण असेल तर दोन भिंगांचा स्वस्त करेक्टर, किंवा वेग हवा असेल तर ०.९ पटीचा, पुरेसा आहे. एफ/५ आणि एपीएस-सी असेल तर प्रतिमा न बदलणारा, ५५ मिलिमीटरचा करेक्टर. एफ/४ आणि एपीएस-सी असेल तर चार भिंगांच्या खाली येऊ नका. एफ/३ पर्यंत उतरवणारे रिड्यूसर ज्यांचं कॉलिमेशन आणि फोकस दोन्ही हातात बसले आहेत त्यांच्यासाठीच. फुल फ्रेमचा मोह झाला तर करेक्टरची नव्हे, अख्ख्या दुर्बिणीची किंमत काढा.

आणि सगळ्यांसाठी एकच क्रम : पहिल्यांदा आरसे जुळवा, मग जोड घट्ट करा, मग अंतर मोजा, आणि तरीही कोपरे बिघडलेलेच राहिले तर महाग करेक्टर घ्या. विकत घेताना विक्रेत्याकडे सुंदर रंगीत चित्र मागू नका. तुमच्याच एफ आकड्यावर, तुमच्याच आकाराच्या सेन्सरवर घेतलेल्या एकाच कच्च्या चित्राचे चार कोपरे मागा.